तुळशीचे पिवळे पान

अंगणात तुळशीवृंदावन असलेल्या घरात माझा जन्म झाला, आणि तुळशीला दिवा लावल्याशिवाय ज्या घरात संध्याकाळ झाली नाही त्या घरात मी वाढलो. तरीही तुळस जगते कशावर, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु या मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांचे घर आता माझ्यासारखेच दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर असेल, आणि गॅलरीतल्या कुंडीकडे चिंतेने पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावरही आला असेल, म्हणून हा संकोच बाजूला ठेवतो.

आमचे मूळ घर फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या देवळापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. १९८९ साली मी नोकरीनिमित्त बडोद्यास आलो तेव्हा आईने सामानात दोन वस्तू घातल्या: घरच्या नारळांच्या वड्यांचा डबा आणि अंगणातल्या तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांची एक पुरचुंडी. वड्या प्रवासातच संपल्या. मंजिऱ्या मात्र गेली चौतीस वर्षे संपल्या नव्हत्या. तुळशीचे आयुष्य काही फार मोठे नसते; दोन-तीन वर्षांत तिचे खोड काष्ठ होते, आणि एखाद्या थंडीत ती जाते. माझी पत्नी दर वर्षी मंजिऱ्या धरून ठेवी, चैत्रात पेरी, आणि अशा रीतीने तीच तुळस घरात चालत राही. आई गेली, पुढे भावंडांच्या वाटण्यांत घरही गेले, वृंदावनाच्या जागी आता काय आहे ते मी पाहावयास गेलो नाही. त्या अंगणातले जिवंत असे जे काही उरले होते ते आमच्या गॅलरीत होते. आणि त्या वर्षीच्या थंडीत जुने झाड अवचित गेल्याने धरलेल्या मंजिऱ्याही हाताशी नव्हत्या. होते ते एकच वीतभर रोप.

२०२३ सालच्या आषाढी एकादशीनंतर पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्यास गेली. पुढे अधिक श्रावण येणार होता, आणि अधिक मासात तुळस सोडून जाण्याचे तिच्या जिवावर आले होते. तिने मला एवढेच सांगितले की सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी दिवा. याहून अधिक काही करू नका.

मी अधिक केले. पुतण्याने वास्तुशांतीची आठवण म्हणून सिमेंटचे एक सुबक वृंदावन दिले होते, पांढरेशुभ्र, चारही अंगांस कोनाडे असलेले. पत्नी परत येईल तेव्हा तिला आश्चर्य वाटावे म्हणून मी तुळस जुन्या मातीच्या कुंडीतून काढून त्यात लावली. इमारतीमागची काळी माती आणून वृंदावन काठोकाठ भरले, आणि रोप हलू नये म्हणून ती माती मुठीने चांगली ठोकून बसवली. तळाला रुपयाएवढे भोक होते. त्यावर खापराचा तुकडा ठेवावयाचा असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नाही.

पंधरा दिवसांत खालची पाने पिवळी पडून गळू लागली.

मी स्वतःस अंधश्रद्ध समजत नाही. परंतु तुळस सुकली की घरावर संकट येते, हे लहानपणी कानांवरून गेलेले वाक्य ज्या वेळी मुलीला आठवा महिना लागलेला असतो त्या वेळी कसे आठवते, हे अनुभवल्याशिवाय कळावयाचे नाही. रात्री पत्नीचा पुण्याहून फोन येई. मुलीची प्रकृती, औषधे, सासरची मंडळी असे सगळे बोलून झाल्यावर ती शेवटी विचारी, "तुळस कशी आहे?" मी म्हणे, "टवटवीत आहे." एकदा तिने व्हिडिओ कॉल करून दाखवा म्हटले, तेव्हा मी अंधाराचे निमित्त सांगून दिव्याची ज्योत तेवढी दाखवली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी खोटे फारसे बोललेलो नाही. त्या दोन महिन्यांत रोज बोललो.

पिवळे पान म्हणजे भूक, असे मी गृहीत धरले. बाजारातून युरिया आणला आणि एक चमचा भरून मुळाशी घातला. युरियात ४६ टक्के नत्र असते. वीतभर रोपाला चमचाभर युरिया म्हणजे तान्ह्या मुलाला पंगतीचे जेवण. चार दिवसांत पानांची टोके करपली. तेव्हा मी घाबरून ते धुऊन काढण्यासाठी पाणी घातले. रोज एकाऐवजी तीन तांबे. मग मातीवर बारीक चिलटे उठू लागली, आणि माती ओलीचिंब असूनही दुपारी पाने मान टाकू लागली. ओल्या मातीत झाड कोमेजते ते तहानेने नव्हे. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरल्या की ती गुदमरतात, कुजतात, आणि पाण्यात उभी असून पाणी पिऊ शकत नाहीत. हे मला पुढे कळले. त्या वेळी मात्र मान टाकलेले झाड पाहिले की मी चौथा तांब्या भरी.

शेजारधर्मही आडवा आला. कोणी म्हणाले, दूध घाला. कोणी उकळलेला चहाचा चोथा सांगितला. कोणी गंजके खिळे मातीत पुरावयास दिले, आणि एका बाईंनी एप्सम सॉल्टची पुडीच आणून ठेवली. वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबात रविवारी व एकादशीला तुळशीला पाणी न घालण्याचा प्रघात आहे. माझ्या तुळशीच्या दृष्टीने सर्व सल्ल्यांत हितकर असा तो एकच होता, आणि तोच मी मनावर घेतला नाही.

मग मी भ्रमणध्वनीवर चित्रे पाहू लागलो. रोगग्रस्त पानांच्या चित्रांचा एक तक्ता मिळाला. त्यात नत्राची उणीव, स्फुरदाची उणीव, पालाशाची, मॅग्नेशियमची, जस्ताची अशी पंधरा-वीस पाने ओळीने मांडली होती. वैद्यकाचे पुस्तक वाचणाऱ्याला त्यातले सगळे रोग आपल्याला झालेले वाटतात, तसे मला झाले. माझे झाड प्रत्येक चित्राशी थोडेफार जुळे. पाने जांभळट दिसतात म्हणजे स्फुरद कमी, असे एका चित्राखाली होते. माझ्या तुळशीच्या शिरा आणि देठ जांभळटच होते! मी तातडीने स्फुरदाचे सेंद्रिय खत म्हणून एक पाकीट आणले. घरी येऊन चष्मा लावून वाचतो तो ती हाडांची भुकटी. आईच्या तुळशीच्या मुळाशी मी हाडे घालणार होतो. ते पाकीट तसेच्या तसे दुकानात परत देऊन आलो. पैसे मागण्याचेही भान राहिले नाही. आणि ज्या जांभळ्या छटेपायी हे सर्व झाले ती तर कृष्णतुळशीचा जन्मजात रंग होता. तिचे नावच त्यावरून पडले आहे. निरोगी असताना हे झाड कसे दिसते, हे ज्याने कधी निरखून पाहिले नाही त्याने त्याचे दुखणे ओळखावयास बसू नये.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. तीन पिढ्यांचे बडोदेकर मराठी. ऑगस्टच्या अखेरीस मी त्यांच्यापुढे हात टेकले. मला वाटले होते की ते औषधाचे नाव सांगतील. त्यांनी काहीच न सांगता प्रश्न विचारावयास आरंभ केला. पिवळे झालेले पान वरचे की खालचे? सगळे पान पिवळे, की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा? कडा करपल्या की टोक? आधी काय झाले आणि नंतर काय? मला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता येईना. दीड महिना मी त्या झाडापुढे दिवसातून दहा वेळा उभा राहत होतो, आणि मी ते पाहिले नव्हते.

त्यांनी मला त्या सकाळी जे शिकवले ते थोडक्यात असे. झाडाच्या अन्नद्रव्यांत काही चालती आहेत, काही बैठी. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही चालती. त्यांची टंचाई झाली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला पोचवते. दुष्काळात घरातली वडीलधारी माणसे आपल्या ताटातले मुलांना देतात, तसेच हे. म्हणून यांची उणीव आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते: नत्राची असेल तर सबंध पान सारखे फिकट होत पिवळे पडते, मॅग्नेशियमची असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो, पालाशाची असेल तर कडा करपतात. लोह आणि कॅल्शियम ही बैठी. एकदा ज्या पानात जाऊन बसली तेथून सहसा हलत नाहीत. यांची उणीव नव्या पानांत प्रकटते. लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी, प्रसंगी पांढुरकी निघतात, आणि त्यांवर हिरव्या शिरांचे बारीक जाळे स्पष्ट दिसते. मॅग्नेशियम आणि लोह यांची लक्षणे म्हणजे चित्र एकच, जागा मात्र उलट; आणि तक्त्यात सुटे पान काढलेले असते, ते फांदीवर कोठे होते हे त्यात नसते.

आम्ही वर येऊन पाहिले. खालची पाने तर गळून गेली होती. शेंड्याची चार पाने पिवळी होती आणि त्यांवर हिरवे जाळे काढल्यासारखे दिसत होते.

"लोह," मी शाळकरी मुलासारखा म्हणालो, आणि दुसऱ्याच दिवशी हिराकस आणून देण्याची तयारी दाखवली. ते हसले. "खिळे पुरलेत ना? लोह कमी नाही इथे. ते झाडाला घेता येत नाही." त्यांनी चिमूटभर माती बशीत घेतली आणि तीवर थोडे व्हिनेगर ओतले. माती फसफसली. मग वृंदावनाच्या आतल्या भिंतीवरचा पांढरा थर नखाने खरवडून दुसऱ्या बशीत घेतला. तो तर सोड्यासारखा उसळला. चुना! काळ्या मातीत चुनखडी होती, नव्या सिमेंटातून चुना झिरपत होता, आणि आमच्या बोअरवेलचे कठीण पाणी रोज तीन-तीन तांबे त्यात भर घालत होते. त्यावर मी श्रद्धेने घातलेली उदबत्तीची राख, तीही अल्कधर्मी. मातीच्या आम्लतेचे मोजमाप शेतकी भाषेत सामू म्हणून करतात. हा सामू साडेसातांच्या वर गेला की मातीतले लोह अविद्राव्य होऊन बसते. हिराकस घातला तरी तो अशा मातीत थोड्याच वेळात गंज होतो. झाड भरल्या कोठारापुढे उपाशी होते, आणि मी कोठारात आणखी धान्य ओतत होतो.

तेव्हा मला आमच्या अंगणाची आठवण झाली. गोव्याची ती तांबडी माती तांबडी आहे ती लोहामुळेच. जांभ्या दगडाच्या त्या भूमीवर वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, चुना धुऊन जातो, माती आम्ल राहते. आईची तुळस खांद्याला लागे. त्यात आईचा हात होता हे खरेच. पण मातीचाही होता. आणि आईची एक सवय मला चाळीस वर्षांनी प्रथमच अर्थासकट आठवली. पाणी घालण्याआधी ती तर्जनी मातीत पेरभर खुपसून पाही. नव्या सुनेने न पाहता तांब्या ओतला की म्हणे, "उदक घालचे पयलीं माती पळय गे." आम्ही ती म्हातारपणची कटकट समजत होतो.

त्याच संध्याकाळी स्नान करून, हात जोडून, मी तुळस वृंदावनातून काढली. मुळांची टोके तपकिरी झाली होती. बोटांत धरली की वरची साल सुटून येई आणि आत दोऱ्यासारखे काही राही. माझ्याच्याने ते पाहवेना. कुजलेली मुळे कापली, थोडी पांढरी होती ती ठेवली. जुनी मातीची कुंडी घेतली, भोकावर खापर ठेवले, तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळून सैलसर भरला. माती दाबली नाही. त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडाच गेला होता, म्हणून पाणी उकळून, निवू देऊन, खाली बसलेला पांढरा साका टाकून वरचे तेवढे घालू लागलो. तेही बोटाने माती पाहून, तीन-चार दिवसांतून एकदा. चुनखडीच्या मातीतही विरघळलेले राहील असे चिलेटेड लोह त्या गृहस्थांनी दिले, ते चिमटीच्याही अर्ध्याने. दुसरे खत काहीही नाही. महिनाभर काहीही घालावयाचे नाही, हेच माझ्याकडून पाळले जाणे त्यांना सर्वांत कठीण वाटत होते, आणि तसे ते होतेही.

त्या रिकाम्या दिवसांत मी थोडे वाचन केले. पानांचा पिवळेपणा लोहाच्या क्षारांनी जातो, हे फ्रान्समध्ये यूसेब ग्री याने १८४० च्या दशकातच दाखवून दिले होते. अन्नद्रव्यांपैकी जे सर्वांत अपुरे तेच वाढीला वेसण घालते, बाकीची कितीही असोत, हा नियम जर्मनीत कार्ल स्प्रेंगेलने १८२८ साली मांडला आणि लीबिगने पुढे जगभर नेला. आज वनस्पतींना सतरा मूलद्रव्ये अत्यावश्यक मानतात. आपल्याकडे सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त झाडांनाही वात, पित्त, कफ यांचे विकार होतात असे मानून चिकित्सा सांगितली आहे. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती, आणि नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाला. सुरपालाचे निदान आजच्या रसायनाशी जुळते असे मी म्हणणार नाही. तसा अट्टाहास काही मंडळी करतात, तो मला रुचत नाही. झाडापुढे बसून त्याची नाडी पाहावी असे कोणाला तरी हजार वर्षांपूर्वी वाटले, याचे मात्र त्या दिवसांत मला बरे वाटले.

गणपतीच्या आदल्या दिवशी बडोद्यात जोराचा पाऊस झाला. गच्चीवर मी दोन बादल्या आणि घरातली झाडून सारी पातेली मांडली. चतुर्थीला पुण्याहून फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्या फोनवरही पत्नीने शेवटी तुळशीचे विचारले. "टवटवीत आहे" हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी म्हणालो, "आजारी होती. आता नवी दोन पाने आली आहेत, हिरवी." ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. दिवा दाखवलात त्या दिवशीच कळलं. मुलीला बोलले नाही."

जुनी करपलेली पाने काही पुन्हा हिरवी झाली नाहीत. ती होतही नाहीत. गृहस्थांनी मला बजावले होते की पाहावयाचे ते नव्या अंकुराकडे.

दसऱ्यानंतर पत्नी परत आली. पिशवी खाली ठेवण्याआधी ती गॅलरीत गेली, मातीत बोट घातले, आणि म्हणाली, "माती बदललीत." वृंदावनाविषयी मी सर्व कबूल केले. ते टाकून द्यावे असे माझे मत होते. तिने ते ऐकले नाही. आता मातीची कुंडी त्या वृंदावनात आत ठेवली आहे, खाली दोन विटांचे तुकडे देऊन, म्हणजे पाणी निथळते आणि सिमेंटाचा स्पर्श होत नाही. उदबत्तीचे घर बाजूला केले आहे. हळदकुंकू कुंडीच्या काठाला लावतो, मातीत टाकत नाही. पावसाचे पाणी पिंपात भरून ठेवतो, ते फाल्गुनापर्यंत पुरते.

२४ नोव्हेंबरला तुळशीचे लग्न झाले. आवळा आणि चिंच यांच्या डहाळ्या मिळवण्यासाठी मला अर्धे बडोदे पालथे घालावे लागले. वधू इतकी लहान होती की उसाच्या मांडवात ती दिसेना; तळमजल्यावरच्या गृहस्थांनी मंगलाष्टके म्हणताना वाकून दोनदा तिच्या शेंड्याकडे पाहिले. पौषात तिला पहिल्या मंजिऱ्या आल्या. पत्नीने त्या वाळवून चार पुड्या बांधल्या. एक पुण्यास नातीच्या घरी गेली, एक पुतण्याकडे, एक तळमजल्यावर. चौथी देवघरात, आईच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात आहे.